आधी खाते, मग नोंद

माझ्या भाच्याला रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा छंद आहे. परवा त्याची महिनाभराची सेटिंग क्षणात पुसली गेली. चूक एवढीच, की ‘मॉडेल टाइप’ त्याने मागाहून बदलला.

संगणकीय ट्रान्समीटर बहुधा सुरुवातीलाच विचारतो, विमान, ग्लायडर की हेलिकॉप्टर? त्याप्रमाणे पुढचे मेनू उघडतात. ग्लायडरला उतरताना दोन्ही एलेरॉन वर व फ्लॅप खाली करून वेग मारता येतो. हेलिकॉप्टरला थ्रॉटल आणि पात्यांचा कोन एकाच वेळी सांभाळावा लागतो. बिनशेपटीच्या विमानाला विमान या प्रकारातच ‘एलेव्हॉन’ निवडावे लागते. तिथे पंखांवरच्या दोन पट्ट्याच नाक वर-खाली करणे आणि वळणे ही दोन्ही कामे करतात. पुष्कळ ट्रान्समीटरांत प्रकार बदलला, की त्या मॉडेलची ट्रिम, सर्व्होची दिशा, मिक्सिंग सारे कोरे होते.

आम्ही कारकून मंडळी आधी खाते पाहतो, मग रक्कम लिहितो. खातेच चुकले, तर बेरीज बरोबर असूनही हिशेब जुळत नाही.

मुलांनो, उडवण्यापूर्वी पडद्यावर मॉडेलचे नाव वाचा. घरी तपासताना प्रोपेलर काढून ठेवा. तो बोट कापू शकतो. काठी उजवीकडे नेली, की उजवे एलेरॉन वर आणि डावे खाली गेले पाहिजे. उलटे झाले, तर उडवू नका. पालकांनीही जवळ उभे राहावे.

भाच्याने आता सारे आकडे वहीत उतरवून ठेवले आहेत. नुकसान झाले, पण धडा मिळाला.