मराठीची सोय आहे, वापरायची कुणी?

संगणकाला मराठी येत नाही, हा समज आता सोडून दिला पाहिजे. संगणकाला मराठी येते. ती वापरण्याची आज्ञाच त्याला दिली जात नाही, हे खरे दुखणे आहे.

प्रोग्राम लिहिताना ज्या तयार लायब्रऱ्या वापरतात, त्यांत 'लोकेल' नावाची सोय असते. भाषा कोणती, अंक कसे, तारीख कशी, वर्णक्रम कोणता, हे तिथे ठरते. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात मराठी महिने, देवनागरी अंक आणि १२,३४,५६७ अशी लाख-हजारांची मांडणी नोंदलेली आहे. आयसीयू ही लायब्ररी ती सर्वांना मोफत पुरवते.

मग अडते कुठे? १९८९ साली 'सी' भाषेचे अमेरिकन मानक ठरले. त्याच्या नियमानुसार प्रोग्राम सुरू होतो तो 'सी' नावाच्या लोकेलमध्येच. वापरणाऱ्याने यंत्रावर मराठी निवडली असली, तरी प्रोग्रामरने 'सेटलोकेल' ही आज्ञा लिहिल्याशिवाय तिची दखल घेतली जात नाही. कायद्यात हक्क असतो, पण अर्ज केल्याशिवाय तो पदरात पडत नाही, हे आम्ही वकील रोज पाहतो. इथे तर अर्ज करायचा प्रोग्रामरने आणि नुकसान सोसायचे नागरिकाने!

नुकसान कोणते? मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो 'ल'ला लागून आहे. नुसत्या संकेतांकांवर यादी लावली, की 'बळीराम' हा 'बहिणाबाई'च्या आधी जाऊन बसतो. लांबलचक यादीत मराठी क्रमाने शोधणारा माणूस आपले नावच नाही असे समजून परत फिरू शकतो. जावास्क्रिप्टमध्ये अंक तपासण्याची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. तिच्यावर विसंबलेल्या अर्जात वय '४५' असे लिहिले, तर अर्ज चुकीचा ठरतो. यात अर्जदाराचा गुन्हा काय?

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. राज्याची राजभाषा मराठी आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदेतच तीन अटी घाला: लोकेल मराठी हवे, याद्या मराठी वर्णक्रमाने लागाव्यात, देवनागरी व इंग्रजी दोन्ही अंक स्वीकारले जावेत. या तिन्हींची चाचणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नका. आमच्या शिकलेल्या तरुणांनीही आपण लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ही आज्ञा आहे का, ते आजच तपासावे.