तुळईचा पांगुळगाडा

माहेरचं माळवद उतरवायचं ठरलं तेव्हा भावाचा फोन आला. "ताई, तुला काय पाहिजे ते आत्ताच सांग. लाकूडवाला सोमवारी यायलाय." मी म्हणाले, "पाळण्याची तुळई."

जिंतूर तालुक्यातलं आमचं घर पाच खणांचं. घर चौरस फुटांत मोजायची रीत आत्ताची, आजोबा खणांतच मोजत. दगडमातीच्या जाड भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, वर किलचणं आणि त्यावर हातभर पांढरी माती. वैशाखात त्या घरासारखा गारवा मी कुठं अनुभवला नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात असल्याच दगडमातीखाली हजारो माणसं गेली. कित्येक घरांत लाकडाचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. तेव्हापासून वडील अंथरुणावर पडले की आधी वर बघायचे. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीकडं ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो आमच्या गावातही जाणवला आणि देवघराच्या भिंतीला बोटभर भेग पडली. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. भावाचा निर्णय त्याच दिवशी झाला, आणि तो बरोबरच होता.

मधल्या खणातल्या त्या तुळईवरून पाळण्याच्या साखळ्या टाकलेल्या असत. त्या पाळण्यात वडील झोपले, मी झोपले, भाऊ झोपला. लोखंड घासून लाकडाच्या कडेला दोन घळी पडल्या होत्या, अंगठा बसेल अशा. ती तुळई घनफुटाच्या भावानं कुठल्या हॉटेलाच्या दिवाणखान्यात जावी, हे मला सहन होत नव्हतं. भाचीचं नाव मी ठेवलं, आत्याचा मान तो. आता तिला पांगुळगाडाही माझ्याकडूनच हवा होता.

जिंतूरच्या सुतारमामांनी तुळई उलटीपालटी करून बघितली. ती चुलीच्या धुरानं काळीठिक्कर झाली होती. एक टोक भिंतीत असायचं, तिथं वाळवीनं पोखरलेलं होतं. मामांनी ते हातभर कापून बाजूला टाकलं. मग खिळे. जुने घडीव खिळे डोक्याशी तुटतात आणि आत राहतात. मामा लोहचुंबक फिरवत होते, ओढ लागली की पटाशीनं उकरत होते. त्यातच पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी रंधा चालला, आणि त्या काळ्या कातडीखालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. सागाचा तो तेलकट वास सगळ्या दुकानात पसरला. इतक्या वर्षांनी! मी भुश्शाची एक मूठ रुमालात बांधून घेतली.

घराच्या निळ्या दाराची फळी गाड्याच्या मध्ये बसवावी असं मला फार वाटत होतं. आईनं रंगवलेलं दार ते. पण जुन्या तैलरंगांत शिसं असायचं, आणि घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडं २०१७ च्या अखेरीस लागू झाली. दात येणारं लेकरू दिसेल ते चावतं. दार ठेवून दिलं.

घळींवरून मात्र आमचा वाद झाला. मला त्या दांड्यावर हव्या होत्या, भाचीच्या मुठी नेमक्या तिथं पडाव्यात म्हणून. मामा म्हणाले, "ताई, साखळीचा गंज ह्या लाकडात मुरलाय. लेकरू तोंड लावील. तुमची आठवण खाली घ्या, लेकराचा हात गुळगुळीत लाकडावर असू द्या." मला वाईट वाटलं, पण मी मानलं. घळी पुढच्या चाकाजवळच्या पट्टीत गेल्या.

दांडा दीड फुटावर, लेकराच्या छातीशी येईल असा. चाकं तीन, बाभळीची, कारण बैलगाडीचं चाक आमच्याकडं बाभळीचंच. गाडा वजनदार झाला ते चांगलंच झालं, हलका गाडा लेकराच्या पुढं पळतो आणि लेकरू तोंडावर पडतं. बाजारातल्या बसायच्या प्लास्टिकच्या वॉकरमध्ये पाय जमिनीला जेमतेम लागतात आणि लेकरू भलत्या वेगानं पायऱ्यांकडं जातं. कॅनडानं २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्यात लेकरू आपल्या पायांवर उभं असतं, एवढा साधा फरक. वरून घाण्याच्या जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, आणि प्रत्येक हात पुरता वाळेपर्यंत थांबलो.

भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला गाडा नव्या घराच्या फरशीवर ठेवला. तिनं दांडा धरला, चार पावलं टाकली, चाकं खडखडली तशी थबकली. मग दांडा सोडून मटकन खाली बसली, पुढं सरकली आणि घळीत बोट घातलं. वहिनी जेवायला बोलावत होती, पण ती उठेना. भाऊही तिच्याजवळ फरशीवर बसला. दुसऱ्या घळीत त्यानं आपला अंगठा ठेवला.