अणूंची रांगोळी

रांगोळीच्या ठिपक्याऐवजी एकेक सुटा अणू मांडता येईल काय? १९८९ साली कॅलिफोर्नियात आयबीएमच्या अल्मडेन प्रयोगशाळेत डॉन आयग्लर आणि एर्हार्ड श्वाइट्झर यांनी तो मांडला. झेनॉन वायूच्या ३५ अणूंनी निकेलवर आपल्या कंपनीची तीन अक्षरे लिहिली! (जाहिरातच ती, पण वाचायला सूक्ष्मदर्शक हवा.)

चिमटा नव्हता. होती एक अतिशय टोकदार सुई. ती धातूला न टेकता वरून फिरते. मधल्या फटीतून विजेचा किंचित प्रवाह झिरपतो आणि त्याच्या कमीजास्तीवरून अणूंचे उंचवटे कळतात. सुई आणखी खाली नेली, की अणू तिच्या ओढीने मागोमाग सरकतो. जागेवर आला, की सुई उचलायची. अणू तिथेच राहतो. मात्र थंडी हवी उणे २६९ अंश सेंटिग्रेडची! ऊब मिळाली, की अक्षरे विस्कटलीच.

मग ही नुसती करामतच का? मला विचाराल, तर अक्षरांहून १९९३ सालचे रिंगण मोलाचे. तिथेच तांब्यावर लोखंडाचे ४८ अणू गोलाकार मांडले, आणि आत चक्क इलेक्ट्रॉनांच्या लाटा दिसल्या. विहिरीत खडा पडल्यावर उठतात तशा, पण जागच्या जागी थिजलेल्या.