जाहिरात वाचता आली पाहिजे

मागच्या कापूस मेळाव्याची जाहिरात आपण जिल्ह्याच्या दैनिकात दिली. पैसा गावोगाव दहा-वीस रुपयांनी जमलेला. सकाळी पेपर उघडला तर वक्त्यांचे चेहरे काळेठिक्कर आणि तारीख-ठिकाण गडद पट्ट्यात बुडालेले. मेळावा उरकल्यावर लोक विचारत होते, "सभा होती कुठं?"

शिव्या छापखान्याला पडल्या. आम्ही चौकशी केली. चूक आमची होती. मोबाइलवर फिरत आलेले रंगीत चित्र आम्ही तसेच पुढे ढकलले होते.

वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला जेमतेम ४५ ग्रॅमचा. त्यावर शाई पडली की ती मुरते आणि पसरते. पडद्यावरची ५० टक्के राखाडी छटा छापून येते ती पाऊणशे टक्क्यांच्या घरात. म्हणून फोटो आधीच उजळ करून द्यावा लागतो. गडद पट्ट्यात पांढरी बारीक अक्षरे घातली की शाई ती गिळून टाकते. पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरे हाच कोरडवाहूचा मार्ग.

संगणकावरचा काळा रंगही फसवा असतो. रंगीत फाइलमधला काळा छापताना चारही शायांत वाटला जातो. ठसे केसभर सरकले तरी अक्षराला झालर येते. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. जाहिरात कृष्णधवल असेल तर अख्खी फाइलच तशी करून घ्या.

आकार आधी विचारा, कारण दर चौरस सेंटिमीटरचा असतो. ८ बाय १० ची जाहिरात म्हणजे ८० चौरस सेंटिमीटरचे पैसे. फोटोला इंचामागे २०० ठिपके लागतात; म्हणजे ८ सेंटिमीटर रुंदीला सुमारे ६३०. लहान फोटो ताणून ठिपके वाढत नाहीत. पाणी घातल्याने दुधाचा फॅट वाढत नाही, तसेच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटची गोष्ट अक्षरांची. डीटीपीवाल्याकडचा मराठी फॉन्ट पेपरच्या संगणकात नसेल तर 'शेतकरी' या शब्दाचा भलताच कचरा होतो. पीडीएफमध्ये फॉन्ट आत घालून घ्या, नाहीतर अक्षरांचे कर्व्ह करून घ्या. मात्र कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त होत नाही. मूळ फाइल जपून ठेवा.

कोणी म्हणेल, हे आपले काम आहे का? सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की दर कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. तिथे आपण माल वाळवून नेतो. मग आपला शब्द तरी ओला का पाठवायचा? बाजार आपल्याला लुटतो, ते आपल्याला माहीत आहे. पण वर्गणीचा पैसा आपल्याच आळसाने वाया गेला तर दाद कोणाकडे मागणार?

म्हणून यापुढे प्रत्येक तालुक्याने हे काम एका माणसाकडे सोपवावे. जाहिरात दोन दिवस आधी खऱ्या आकारात कागदावर काढून बैठकीत ठेवावी. चष्मा लावणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ती वाचायला द्यावी. त्याला तारीख आणि गाव वाचता आले, तरच ती छापायला जाईल.