गोलरक्षकाला युरोप हवा की सामने?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००७-०८ च्या हंगामात चार अमेरिकी गोलरक्षक खेळले. ब्लॅकबर्नकडे ब्रॅड फ्रिडेल, एव्हर्टनकडे टिम हॉवर्ड, रीडिंगकडे मार्कस हाहनेमन आणि फुलहॅमकडे केसी केलर. ज्या देशाला फुटबॉल नीट समजत नाही असे युरोपात हसत हसत म्हटले जाई, त्या देशाने जगातील सर्वाधिक चुरशीच्या लीगला एकाच वेळी चार गोलरक्षक द्यावेत, ही गोष्ट त्या काळी अनेकांना नवलाची वाटली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात चित्र उलटे दिसले. गोल्ड कप स्पर्धेत अमेरिकेचा गोल राखला तो युरोपात एकही व्यावसायिक सामना न खेळलेल्या मॅट फ्रीसने. झॅक स्टेफन वर्षभरापूर्वीच इंग्लंडहून मायदेशी परतला होता आणि मॅट टर्नर परतीच्या वाटेवर होता.

युरोपात गेलेले गोलरक्षक परत का येतात आणि आज अठरा-वीस वर्षांचा असलेला मुलगा त्यातून काय शिकणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत गुणी तरुणाला दिला जाणारा ठरीव सल्ला 'लवकर युरोप गाठ' असा असतो. या सल्ल्यामागे अनुभव आहे, पण तो बचावपटू, मधल्या फळीतील खेळाडू आणि आक्रमक यांचा. ख्रिश्चन पुलिसिक सोळाव्या वर्षी जर्मनीतील डॉर्टमुंडला गेला आणि सतराव्या वर्षी बुंडेसलीगामध्ये खेळू लागला. त्याच्या यशाने एका अख्ख्या पिढीला वाट दाखवली. परंतु ही वाट गोलरक्षकालाही तेथेच नेईल, असे गृहीत धरले गेले आणि तेथे हिशेब चुकला.

आक्रमक खेळाडूला शेवटची पंधरा मिनिटे मैदानात उतरवता येते. तो उजवीकडे नाही तर डावीकडे खेळतो, मुख्य खेळाडू दमला की त्याची जागा घेतो. गोलरक्षकाच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. जागा एकच आणि ती ज्याच्याकडे आहे तो जखमी झाल्याशिवाय किंवा त्याचा सूर पुरता हरपल्याशिवाय सहसा रिकामी होत नाही. धोनी यष्टीमागे उभा असताना देशातील इतर यष्टिरक्षकांची काय अवस्था होती, हे आपल्या क्रिकेटप्रेमींना आठवत असेल. त्यांच्यापैकी काहींना निदान फलंदाज म्हणून संघात शिरता आले. फुटबॉलच्या गोलरक्षकाला तीही सोय नाही.

शिवाय गोलरक्षकाचे कौशल्य सरावात एका मर्यादेपर्यंतच घडते. झेप, पकड, पायांची हालचाल हे सारे प्रशिक्षक शिकवू शकतात. मात्र कॉर्नर आल्यावर गोलरेषा सोडून पुढे यायचे की नाही, बचावपटूला कधी ओरडून सांगायचे, एक चूक झाल्यावर उरलेली सत्तर मिनिटे डोके कसे शांत ठेवायचे, हे केवळ सामन्यात शिकता येते. म्हणूनच गोलरक्षक उशिरा पिकतो. आक्रमक खेळाडू तिशीत उताराला लागत असताना चांगला गोलरक्षक आपल्या सर्वोत्तम काळात असतो. अठरा ते तेवीस ही वर्षे बाकावर गेली, तर नंतरच्या काळाचा पायाच कच्चा राहतो.

जुन्या पिढीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचावा लागेल. केसी केलर १९९२ मध्ये इंग्लंडला गेला तो मिलवॉल या दुसऱ्या श्रेणीतील क्लबकडे. तेथे झगमगाट नव्हता, पण तेथे तो खेळला. त्या सामन्यांच्या जोरावर १९९६ मध्ये त्याला लेस्टर सिटीने घेतले आणि पुढच्याच वर्षी त्या संघाने लीग कप जिंकला. फ्रिडेलची कहाणी अधिक बोलकी आहे. वर्क परमिट वारंवार नाकारले गेल्याने इंग्लंडचे दार त्याच्यासाठी उशिरा उघडले. तुर्कस्तानातील गॅलातसराय आणि मायदेशातील कोलंबस क्रू असा प्रवास करून १९९७ च्या अखेरीस तो लिव्हरपूलला पोहोचला. त्या नामांकित क्लबमध्ये त्याच्या वाट्याला थोडेच सामने आले. २००० मध्ये तो तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेल्या ब्लॅकबर्नकडे गेला. वरवर पाहता ही पायउतारच होती, पण त्याची खरी कारकीर्द तेथून सुरू झाली. २००२ च्या विश्वचषकात दोन पेनल्टी अडवून त्याने अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचण्यास मोठा हातभार लावला. पुढे प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर लागला.

टिम हॉवर्डचा मार्ग निराळा होता, तरी निष्कर्ष तोच. न्यू जर्सीच्या मेट्रोस्टार्स संघाकडून त्याने आधी मेजर लीग सॉकरमध्ये नाव कमावले, २००१ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला आणि मग २००३ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला नेले. सुरुवात झकास झाली. मात्र २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोविरुद्ध त्याच्या हातून चेंडू निसटला, कॉस्टिन्याने गोल केला आणि युनायटेड स्पर्धेबाहेर गेले. त्यानंतर त्याची जागा डळमळीत झाली ती झालीच. २००६ मध्ये तो एव्हर्टनकडे गेला आणि तेथे दहा हंगामांत चारशेहून अधिक सामने खेळला. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध एकामागून एक चेंडू अडवणारा हॉवर्ड जगाने पाहिला. तो घडला होता एव्हर्टनमध्ये, दर आठवड्याला सामना खेळत.

आता नंतरच्या पिढीकडे पाहू. झॅक स्टेफन मेरीलँड विद्यापीठातून थेट जर्मनीतील फ्रायबुर्गला गेला. तेथे तो दुसऱ्या संघाकडूनच खेळला. मुख्य संघात त्याला संधी मिळाली नाही. २०१६ मध्ये तो कोलंबसला परतला आणि नियमित खेळू लागताच २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. मग मँचेस्टर सिटीचे बोलावणे आले. एक वर्ष ड्युसेलडॉर्फकडून खेळल्यावर तो एडरसनच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर बसला. २०२२ च्या एफए कप उपांत्य सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध चेंडू पायाशी असताना तो क्षणभर रेंगाळला आणि सादियो मानेने गोल केला. नियमित खेळणाऱ्या गोलरक्षकाला अशी चूक पुढच्या शनिवारी धुऊन काढता येते. स्टेफनला पुढचा शनिवार नव्हता. त्याच वर्षीच्या विश्वचषक संघातून तो वगळला गेला आणि २०२४ मध्ये कोलोरॅडो रॅपिड्सकडे आला.

सर्वात बोलकी तुलना मात्र शिकागोची आहे. गॅब्रिएल स्लोनिना आणि ख्रिस ब्रॅडी हे दोघे २००४ साली जन्मलेले, दोघेही शिकागो फायरच्या अकादमीत वाढलेले. स्लोनिना २०२१ मध्ये, सतराव्या वर्षी, मेजर लीग सॉकरमधील सामन्यात सुरुवातीपासून खेळणारा सर्वात लहान गोलरक्षक ठरला. पुढच्याच वर्षी चेल्सीने त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. एक कोटी डॉलरच्या आसपास किंमत मोजली गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. त्यानंतर त्याला बेल्जियमच्या ऑयपेनकडे उसने पाठवण्यात आले. तेथे तो नियमित खेळला, पण तो संघ २०२४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला. मग इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतील बार्नस्ली आणि तेथूनही हंगाम संपण्यापूर्वीच परत. करारानंतरच्या पहिल्या तीन हंगामांत चेल्सीकडून प्रीमियर लीगचा एकही सामना त्याला मिळाला नाही. इकडे स्लोनिना गेल्यामुळे रिकामी झालेली जागा ब्रॅडीला मिळाली. २०२३ पासून तो शिकागोचा मुख्य गोलरक्षक झाला आणि २०२५ च्या गोल्ड कपसाठी राष्ट्रीय संघात निवडला गेला.

दोघांपैकी गुणवान कोण, हा येथे मुद्दाच नाही. स्लोनिना अजून तरुण आहे आणि गोलरक्षकाचे आयुष्य दीर्घ असते. परंतु विशीच्या उंबरठ्यावरची वर्षे एकाला स्थैर्याने मिळाली आणि दुसऱ्याला तुकड्यातुकड्यांनी, हे नाकारता येत नाही. याच काळात चेल्सीच्या गोलमध्ये जॉर्जे पेट्रोविच हा सर्बियाचा गोलरक्षक उभा राहिला. २०२३ मध्ये तो आला होता अमेरिकेतील न्यू इंग्लंड रिव्होल्यूशन या संघातून! म्हणजे मेजर लीग सॉकरमधून चेल्सीच्या मुख्य संघात जाता येत होते. मात्र त्यासाठी आधी तेथे खेळून यावे लागत होते.

अर्थात, मायदेशी राहिले की सारे आपोआप साधते, असेही नाही. मॅट फ्रीस हार्वर्डमधून फिलाडेल्फिया युनियनकडे आला आणि जमैकाच्या आंद्रे ब्लेकच्या मागे चार हंगाम जवळजवळ बसूनच राहिला. घरचा बाक परदेशातल्या बाकाइतकाच कठीण असतो. २०२३ मध्ये तो न्यू यॉर्क सिटीकडे गेला, तेथे पहिल्या क्रमांकाचा झाला आणि २०२५ च्या गोल्ड कपमध्ये कोस्टा रिकाविरुद्धच्या पेनल्टी शूटआऊटमध्ये तीन फटके अडवून त्याने संघाला उपांत्य फेरीत नेले. त्याने देश बदलला नाही, क्लब बदलला. त्याउलट मॅट टर्नर रिव्होल्यूशनकडून २०२१ चा सर्वोत्तम गोलरक्षक ठरल्यावर अठ्ठाविसाव्या वर्षी आर्सेनलला गेला आणि तेथे त्याला लीगचा एकही सामना मिळाला नाही. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये मिळालेली जागा त्याने गमावली. २०२५ मध्ये फ्रान्सच्या लियोंने त्याला घेतले आणि लगेच उसना खेळाडू म्हणून रिव्होल्यूशनकडेच परत पाठवले.

युरोपची बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवी. तेथील सरावाचा वेग आणि प्रेक्षकांचा दबाव अमेरिकेत सहज मिळत नाही. आजच्या गोलरक्षकाकडून चेंडू पायाने खेळवण्याची जी अपेक्षा असते, ती युरोपातच अधिक कडकपणे तपासली जाते. घरच्या लीगमध्ये खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नसते, त्यामुळे सुखावून जाण्याचा धोकाही असतो. निक रिमांडोने मेजर लीग सॉकरमध्ये पाचशेहून अधिक सामने खेळून विक्रम केला, पण राष्ट्रीय संघात तो बहुतेक काळ हॉवर्डसारख्यांच्या मागेच राहिला. शिवाय पैशाचा विचार आहेच. मोठ्या युरोपीय क्लबचा दीर्घ करार अठरा वर्षांच्या मुलाच्या कुटुंबाला आयुष्याची निश्चिंती देऊ शकतो. उद्या गुडघा दुखावला तर काय, हा प्रश्न घरातील वडीलधारे विचारणारच आणि त्यांना दोष देता येणार नाही.

नियमांची चौकटही निर्णयावर परिणाम करते. 'फिफा'च्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूला मोजके अपवाद वगळता परदेशी क्लबकडे जाता येत नाही. युरोपीय संघाचे पारपत्र असेल तर हे दार सोळाव्या वर्षी उघडते. पुलिसिकला ते आजोबांमुळे मिळालेल्या क्रोएशियाच्या नागरिकत्वाने उघडले. स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंसाठी संघात तीनच जागा असतात आणि त्यातली एक गोलरक्षकावर खर्च करण्यास क्लब नाखूष असतात. इंग्लंडमध्ये २०२१ पासून परवान्यासाठी गुण मोजले जातात. त्यात राष्ट्रीय संघातील आणि क्लबकडील सामन्यांना वजन असते. म्हणजे तेथेही बाकावरील वर्षे आडवी येतातच.

विकणाऱ्या क्लबचे हित येथे वेगळे असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अठरा वर्षांचा गोलरक्षक मोठ्या रकमेला गेला तर क्लबचा ताळेबंद सुधारतो, अकादमीची शान वाढते. तो पुढे खेळतो की नाही, याची जबाबदारी त्या क्लबवर उरत नाही. विकत घेणाऱ्याचेही तसेच. डझनभर तरुण घेऊन ठेवायचे, उसने पाठवायचे आणि त्यातला एखादा चमकला तर ठीक, हा मोठ्या क्लबांचा व्यवहार आहे. उरलेल्यांच्या वाया गेलेल्या वर्षांची नोंद कोणाच्याच वहीत नसते.

महिला फुटबॉलमध्ये हाच धडा दुसऱ्या बाजूने दिसतो. फॅलन टुलिस-जॉईस फ्रान्समध्ये रेंसकडून खेळली, मग सिअ‍ॅटलला परतून तेथे नियमित उभी राहिली आणि २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेली. एक हंगाम ती मेरी अर्प्सच्या मागे बसली. अर्प्सने क्लब सोडताच २०२४-२५ मध्ये तिला जागा मिळाली आणि २०२५ मध्ये तिने राष्ट्रीय संघात पदार्पण केले. येथे बाकावरचे वर्ष फळाला आले, कारण त्याआधी सामन्यांची शिदोरी गाठीशी होती आणि पुढची खुर्ची लवकर रिकामी झाली.

मेजर लीग सॉकरने २०२२ पासून 'नेक्स्ट प्रो' ही राखीव संघांची लीग सुरू केल्याने अठरा वर्षांच्या गोलरक्षकाला आता घरीच नियमित सामने मिळू शकतात. ही सोय फ्रिडेलच्या काळी नव्हती. त्यामुळे घाईने देश सोडण्याचे एक जुने कारण संपले आहे. युरोपचा करार समोर आल्यावर तरुणाने आणि त्याच्या सल्लागारांनी क्लबचे नाव वाचण्याआधी काही साध्या गोष्टी विचारल्या पाहिजेत. पहिल्या क्रमांकाच्या गोलरक्षकाचे वय किती आणि त्याचा करार कधी संपतो? उसने पाठवायचे झाल्यास कोठे, आणि त्यात खेळाडूचे मत विचारात घेतले जाणार का? पुढच्या दोन हंगामांत किती सामने मिळतील? या प्रश्नांची ठोस उत्तरे मिळाली तर बेल्जियम किंवा इंग्लंडची दुसरी श्रेणीही उत्तम. न मिळाली तर शिकागोत किंवा न्यू यॉर्कमध्ये दर आठवड्याला गोलसमोर उभे राहणे अधिक शहाणपणाचे. केलरने १९९२ मध्ये मिलवॉल निवडले तेव्हा त्याने नेमका हाच हिशेब साधला होता.