पूल हवेत, पण गावे वाऱ्यावर सोडू नका

रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा. बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांनी या रस्त्याचा आग्रह धरला, कारण खाड्यांनी किनाऱ्यावरची गावे एकमेकांपासून तोडलेली होती. आता त्या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. पुलांना माझा विरोध नाही. अडलेल्या बाळंतिणीने रात्री जेटीवर ताटकळत बसावे, असे कोण म्हणेल? माझा प्रश्न पुलानंतरचा आहे.

मुंबईची मोटार सुसाट गोव्याला जाईल. वाटेतल्या गावांच्या पदरात काय पडेल? धूळ, हॉर्न आणि कुणाच्या तरी रिसॉर्टमध्ये झाडलोटीची नोकरी. सायकलवर येणारा पाहुणा असा निघून जात नाही. तो चढाला दमतो. त्याला पाणी लागते, दुपारचे जेवण लागते, रात्री पाठ टेकायला जागा लागते. हा पैसा गावातच राहतो.

असे सायकलस्वार आजही येतात. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींतून खाड्या ओलांडत ते दक्षिणेकडे जातात. सरकारने एवढेच करावे, जुना किनारी रस्ता सायकलमार्ग म्हणून जाहीर करावा, खड्डे बुजवावेत, फलक आणि स्वच्छतागृहे उभारावीत आणि पूल झाल्यावरही फेरीबोटी चालू ठेवाव्यात. फलकांवर जंजिरा असेलच. केळशीचा याकूब बाबांचा दर्गा आणि दाभोळची आदिलशाही काळातली मशीदही असली पाहिजे.

आता थोडे आपल्या मोहल्ल्यांविषयी. आखातातल्या कमाईवर बांधलेली मोठमोठी घरे वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवे झाड उत्पन्न द्यायला वर्षे घेते, तोवर घर कशावर चालवायचे? न्याहारी-निवास योजना आहे. तिच्यात दोन खोल्या नोंदवायला कुणी आपला हात धरला आहे?

"परकी माणसे येतील, वातावरण बिघडेल," असे जमातीतले बुजुर्ग म्हणतात. मला ते पटत नाही. घराची शिस्त घरमालक ठरवतो. दारू चालणार नाही, असे दारावर लिहा, ज्याला मान्य असेल तो येईल. मेहमाननवाजीवर आपण तासभर बयान ऐकतो, मग दमलेल्या मुसाफिरासाठी दार उघडायला का कचरतो? तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण रांधणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे आले, तर त्यात बिघडले काय? शिवाय मोबाईलवर आपल्याविषयी वाटेल ते वाचून आलेला माणूस आपल्या ओटीवर जेवून गेला, तर घरी जाऊन तो वेगळे काहीतरी सांगेल.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. फेरीबोट राहिली पाहिजे, जुना रस्ता सायकलींसाठी राखला पाहिजे. पुलाची फीत कापून झाल्यावर मागायला गेलात, तर कुणी दारात उभे करणार नाही.