बिऱ्हाड हलविण्याचा जमाखर्च

'घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून' ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं बिऱ्हाड हलविणें ही कांहीं मोठी गोष्ट नव्हती. दोन हातगाड्या, चार हमाल आणि शेजारचीं मुलें एवढ्या सामग्रीवर एका पेठेंतला संसार संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पेठेंत लागत असे. आज पुण्या-मुंबईसारख्या शहरांत जुन्या इमारती पाडून तेथें नव्या बांधण्याचें काम ठिकठिकाणीं चाललें आहे. त्यापायीं एकेका कुटुंबावर थोडक्या वर्षांत दोनदां बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग येतो. एकदां भाड्याच्या जागेंत जातांना, व एकदां नव्या घरीं परततांना. हें काम पत्करणारे धंदेवाईक लोक आतां पुष्कळ आहेत व पॅकर्स-मूव्हर्स या नांवानेंच सर्वजण त्यांना ओळखतात. त्यांच्याकडे काम सोंपविलें म्हणजे आपली काळजी संपली, अशी सर्वसाधारण समजूत असते. आमचीही तशीच होती. ती आम्हांस किती रुपयांना पडली, आणि रुपयांखेरीज आणखी कशाला पडली, याचा हिशेब आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन २०२१ च्या हिवाळ्यांत सदाशिव पेठेंतील तिसऱ्या मजल्यावरची जागा सोडून आम्ही कर्वेनगरांत राहावयास गेलों. अंतर फार तर पांचसहा किलोमीटर. आम्ही तिघे भाऊ, आमचीं कुटुंबें, मुलें आणि आमच्या आत्याबाई मिळून घरांत बारा माणसें. टेलिफोनवरून चार ठिकाणीं चौकशी केली, आणि ज्यानें सर्वांत कमी, म्हणजे १४,००० रुपये, सांगितले त्याला काम दिलें. तो घर पाहावयास आला नाहीं, आणि त्यानें यावें असें आम्हांसही वाटलें नाहीं. ठरल्या दिवशीं निम्में सामान टेम्पोंत चढल्यावर एकेक गोष्ट निघूं लागली. लिफ्ट नाहीं म्हणून जिन्यानें उतरविण्याचे ३,०००. टेम्पो बोळांत शिरत नाहीं म्हणून नाक्यापर्यंत वाहून नेण्याचे २,०००. कपाटें व पलंग खोलून पुन्हां जोडण्याचे १,५००. आणि एका खेपेंत सामान मावत नाहीं म्हणून दुसऱ्या खेपेचे २,५००. बेरीज २३,००० झाली. तिच्यावर १८ टक्क्यांनीं जीएसटीचे ४,१४०. चौदा हजारांचे सत्तावीस हजार एकशें चाळीस झाले! अर्धा संसार टेम्पोंत आणि अर्धा जिन्यांत असतां घासाघीस करण्याचें बळ कोणाच्या अंगीं असणार?

याशिवाय जे खर्च आम्हीं मुळीं मांडलेच नव्हते, ते निराळेच. एसी काढून नव्या जागीं बसविण्याचे ३,२००, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे ६००, वायरमन व सुतार यांचे १,८००, चूल बंद असल्यानें दोन दिवस बाहेरून आणलेल्या जेवणाचे २,४००, आणि हमालांच्या चहा-फराळाचे व बक्षिसाचे १,०००, एकूण ९,०००. म्हणजे सगळा खर्च ३६,१४० रुपये. इमारत बांधणाऱ्याकडून करारान्वयें या कामीं २०,००० मिळाले होते. उरलेले १६,१४० तिघांनीं सोसावयाचे, पण कोणीं किती, हें आधीं ठरलें नव्हतें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर शब्दाला शब्द वाढला. दुसरी खेप कोणामुळें लागली, असा प्रश्न निघाला. खोटें कशास सांगावें? आम्हींच म्हणालों कीं, आत्याबाईंचें जातें, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब आणि ती शिसवी पेटी नसती, तर एका खेपेंत काम भागलें असतें. आत्याबाई आंतल्या खोलींत होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या चहाच्या कपाजवळ एक पाकीट ठेवलेलें होतें. आंत त्यांच्या पेन्शनींतले अडीच हजार रुपये. "माझ्या खेपेचे," एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हीं तें पाकीट त्याच क्षणीं परत करावयास पाहिजे होतें. तोंडदेखलें 'राहूं द्या' म्हणून आम्हीं तें ठेवून घेतलें. पुढें आठवड्याच्या आंत आत्याबाईंनीं तें जातें ओळखीच्या एका कुटुंबास देऊन टाकलें.

सन २०२४ मध्यें नवी इमारत पुरी झाली व परत जाण्याची वेळ आली. या वेळीं प्रथम सामानाची यादी करावी असें ठरलें. यादी करतां करतां गॅलरींत बावीस खोकीं निघालीं. गेल्या बिऱ्हाडापासून तीं कोणीं उघडलीं नव्हतीं. तीं आमचीं होतीं! जुनीं वर्तमानपत्रें, मुलांचीं फाटकीं पाठ्यपुस्तकें, बंद पडलेल्या यंत्रांचे सुटे भाग. रद्दीवाल्यानें वजन केलें तें १८० किलो भरलें. दुसरी खेप कोणाची होती, याचा निवाडा त्या काट्यानें केला. आत्याबाई जवळच बसून गहूं निवडीत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

त्यानंतर आम्हीं जी रीत धरली, ती वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून सांगतों. जें नेणें नाहीं तें आधीं काढावें. कारण भाडें सामानाच्या आकारमानावर ठरतें, आपल्या मायेवर ठरत नाहीं. मग निदान तिघांना घरीं बोलावून सामान प्रत्यक्ष दाखवावें, आणि दोन्ही जागांचे मजले, लिफ्ट व टेम्पो उभा राहण्याचें ठिकाण सांगावें. दर लेखी घ्यावा, व त्यांत बांधणीचें साहित्य, खोलणें-जोडणें, जिन्याची मजुरी, खेपा आणि जीएसटी हीं धरलीं आहेत कीं नाहींत, हें एकेक विचारून घ्यावें. रविवार, महिनाअखेर आणि मुहूर्ताचे दिवस यांस मागणी अधिक, म्हणून दरही चढे. पंचांगाची फार अडचण नसेल तर महिन्याच्या मध्यावरील साधा वार पाहावा. आगाऊ रक्कम थोडी द्यावी, पावती घ्यावी, आणि बाकी सामान उतरून मोजून घेतल्यावर चुकती करावी.

विम्याचे पैसे देण्यापूर्वीं तो विमा कंपनीचा आहे कीं वाहतूकदाराची नुसती तोंडी हमी आहे, हें पाहावें; विमा असेल तर त्याचा कागद मागावा. रस्त्यावरील मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यान्वयें वाहतूकदाराच्या जबाबदारीस मर्यादा आहे. अधिक जोखमीचा जादा दर आधीं मान्य केला असेल तरच त्याची जबाबदारी वाढते. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत द्यावी लागते. तक्रारीसाठीं सरकारचा १९१५ हा ग्राहक-मदतीचा क्रमांक आहे. मात्र दागिने, रोकड, दस्तऐवज व औषधें कोणत्याही विम्याच्या भरंवशावर टेम्पोंत घालूं नयेत. तीं घरच्या माणसाच्या हातींच असावीं. हमालांचा चहा-फराळ हा उपकार न समजतां अंदाजपत्रकांत लिहावा. ओझें वाहणाऱ्यांच्या हितासाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालींच माथाडी कामगारांचा कायदा केला. गृहस्थाच्या वहींत त्यांना एक ओळ मिळावी, हें कांहीं फार नव्हे.

या रीतीनें आमचें दुसरें अंदाजपत्रक असें झालें: ठरलेला आकार २४,०००, जीएसटी ४,३२०, किरकोळ खर्च ८,५००, आणि एकूण खर्चाच्या सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे ३,६८०, अनपेक्षित खर्चासाठीं राखीव. सर्व मिळून ४०,५००. बांधणाऱ्याचे २०,००० वजा जातां उरलेले २०,५०० तिघांनीं कमाईच्या मानानें ८,५००, ७,००० व ५,००० असे वांटून घेतले, आणि ते बिऱ्हाड हलण्यापूर्वींच एका डब्यांत जमा केले. एकत्र कुटुंबांत ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे असें आमचें मत झालें आहे. खर्च कितीही असो, तो वांटून झाल्यावर केला म्हणजे हिशेब राहतो. करून झाल्यावर वांटूं गेलें म्हणजे भांडण होतें, आणि त्या भांडणाचा भार घरांत जो सर्वांत कमी बोलतो त्याच्यावर जाऊन पडतो.

दर पहिल्यापेक्षां चढा होता, पण ठरला तेवढाच पडला. प्रत्यक्ष खर्च ३७,९०० झाला व डब्यांत २,६०० उरले. त्यांतून अडीच हजार काढून पाकिटांत घातले आणि नव्या घरांत देव बसविल्यावर तें आत्याबाईंच्या हातीं दिलें. त्यांनीं नोटा मोजल्या, पाकीट देव्हाऱ्याच्या खणांत ठेवलें आणि म्हणाल्या, "आतां त्या खात्यावर रेघ ओढ."

रेघ आम्हीं ओढली. जातें मात्र परत आणतां आलें नाहीं. ज्या घरीं तें गेलें तेथें त्यावर रोज दळण होतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्यावर हा प्रसंग लवकरच यावयाचा असेल, त्यांनीं एवढें ध्यानीं ठेवावें कीं, यादी करावयास बसतांना घरांतील वडीलधाऱ्या माणसाची वस्तु प्रथम लिहावी, आणि आपलीं खोकीं प्रथम उघडावीं.